चाकोरीचं ऋण

आपल्या मंडळाच्या समारंभाला प्रमुख पाहुणे कुणीही असोत, त्यांच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं : ‘चाकोरीबाहेर पडा!’ समोर बसलेले आपण सारे माना डोलावतो, टाळ्या वाजवतो आणि सोमवारी सकाळी पुन्हा आपापल्या चाकोरीला लागतो. मीही आजवर अशा टाळ्या पुष्कळ वाजवल्या. पण गेल्या हिवाळ्यात एका खेळाच्या निमित्ताने मी या शब्दाच्या मागे लागलो, आणि आता ते वाक्य ऐकलं की टाळी वाजवायला हात उचलत नाही. त्याचं कारण आज सांगणार आहे.

चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खाच. ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं त्यांनी ती पाहिली असेल. पावसाळा सरून चिखल वाळला की तिच्या कडा दगडासारख्या टणक होत. एकदा चाक तिच्यात पडलं की गाडीवानाने डुलकी काढली तरी चालायचं. बैल आणि चाकोरी मिळून गाडी घरी आणायची. चाक आपणहून वाट सोडत नाही हाच तिचा गुण. याच एका गुणावर जगातल्या साऱ्या रेल्वे उभ्या आहेत.

आता खेळाविषयी. नाताळच्या सुट्टीत नातू आमच्याकडे राहायला आला होता. वय वर्षं तेरा. तासन्‌तास संगणकापुढे. आजी रागावली, तेव्हा काय चाललंय ते पाहायला मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. खेळाचं नाव ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’, म्हणजे बुटक्यांचा किल्ला. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा अमेरिकन भावांनी तो रचला आणि २००६ साली लोकांसाठी खुला केला. २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने संग्रहासाठी पहिले जे १४ व्हिडिओ गेम निवडले, त्यांत हा एक होता. डोंगर पोखरायचा, आत दालनं काढायची, शेती करायची, भट्ट्या पेटवायच्या आणि दाढीवाल्या बुटक्यांची एक वसाहत सांभाळायची, असा तो प्रकार. यात जिंकणं नाही. वसाहत केव्हातरी बुडतेच. किती टिकवता येते एवढंच पाहायचं.

नातवाची अडचण वाहतुकीची होती. खनिज सापडलं होतं खोल तळाशी आणि भट्ट्या होत्या वर. बुटके एकेक धोंडा उचलून जिने चढत होते, आणि त्यातच त्यांचा सगळा वेळ जात होता. म्हणून त्याने खाणगाडी घातली होती. या गाड्या खेळात २०१२ सालच्या एका आवृत्तीत आल्या. खडकात वाट कोरायची किंवा वरून बांधायची, थांबे ठरवायचे आणि प्रत्येक थांब्यावर हुकूम द्यायचा : गाडी भरली की निघा, अमुक ठिकाणी रिकामी करा. गाडी बुटक्याने हाताने धरून न्यायची, धक्का देऊन सोडून द्यायची की तिच्यात बसून जायचं, हेही आपणच ठरवायचं. उतारावर ती वेग घेते, सपाटीवर घर्षणाने मंदावते, आणि वेग फार झाला तर वळणावर उडून बाहेर पडते. तिला थोपवायला वाटेत रोधक बसवावे लागतात. त्यांच्या घर्षणाच्या पाच पायऱ्या असतात. चढावर नेण्यासाठी पाणचक्कीवर किंवा पवनचक्कीवर फिरणारे रूळही लावता येतात.

मी पाहत असतानाच दगडांनी भरलेली त्याची गाडी उतारावरून सुसाट आली, वळणाशी उडाली आणि खालच्या दालनात काम करणाऱ्या एका बुटक्याच्या अंगावर पडली. बुटका जागीच मेला.

“ब्रेक लावायचा राहिला, आजोबा,” नातू म्हणाला आणि लगेच दुसरा बुटका कामाला लावला.

माझे वडील मध्य रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते आणि त्यांची बरीचशी नोकरी कर्जतला गेली. ‘ब्रेक लावायचा राहिला’ हे वाक्य आमच्या घरात इतक्या सहज उच्चारलं जात नसे. त्या रात्री झोप येईना. मी स्वतः स्थापत्य अभियंता, चाळीस वर्षांवर इंग्लंडच्या ईशान्य भागात राहतो, आणि घरापासून अर्ध्या तासावर जुन्या कोळशाच्या वाटा आहेत. त्यांच्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. सुट्टी संपेपर्यंत आम्ही आजोबा-नातवंडांनी त्या वाटांचा मागोवा घेतला. जे हाती लागलं ते असं.

भुंकणारी गाडी

खाणीतल्या गाडीचं पहिलं खुलासेवार वर्णन सापडतं ते १५५६ साली बाझेल इथे छापलेल्या एका लॅटिन ग्रंथात. नाव ‘दे रे मेटालिका’, लेखक गेऑर्ग बाउअर. विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे त्याने आपलं नाव लॅटिन करून अ‍ॅग्रिकोला असं घेतलं होतं. हा गृहस्थ पेशाने डॉक्टर. योआखिमस्टाल या चांदीच्या खाणींच्या गावी तो काही वर्षं वैद्यकी करत होता. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. तिथल्या चांदीच्या नाण्याला ‘टालर’ म्हणत आणि त्यावरूनच ‘डॉलर’ हा शब्द आला, हे अमेरिकेतल्या आपल्या आप्तांना आवर्जून सांगावं! ग्रंथ छापून येण्याआधीच, १५५५ साली, अ‍ॅग्रिकोला वारला. १९१२ साली या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर झालं ते हर्बर्ट हूव्हर आणि त्यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर यांच्या हातून. हेच हूव्हर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

अ‍ॅग्रिकोलाने वर्णिलेली गाडी म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली लाकडी पेटी. लांबी सुमारे चार फूट, रुंदी आणि उंची अडीच फूट. खाली छोटी चाकं. हातगाडीच्या दीडपट माल तिच्यात मावे. खरी युक्ती होती तळाशी. तिथे एक जाड बोथट खिळा बसवलेला असे आणि तो जमिनीवरच्या फळ्यांमधल्या खाचेतून सरके. त्यामुळे मिट्ट काळोखातसुद्धा गाडी वाट सोडत नसे. ढकलणाऱ्याला दिशेची काळजी नाही, त्याने फक्त जोर लावायचा. आमच्या खेड्यातली चाकोरी चाकांनी आपोआप पाडलेली, तर ही माणसाने मुद्दाम आखलेली.

फळ्यांवरून जाताना ही गाडी असा आवाज करी की खाणकामगारांना तो कुत्र्याच्या भुंकण्यासारखा वाटे, म्हणून तिला ‘कुत्रा’ म्हणत, असं अ‍ॅग्रिकोलाच सांगतो. जर्मनमध्ये ‘हुंट’. हे वाचून मला हसू आलं, कारण आपल्या रेल्वेच्या मराठीत मालडब्याला काय म्हणतात? वाघीण! ‘वॅगन’ शब्द आपल्या हमालांच्या आणि खलाशांच्या तोंडी रुळता रुळता वाघीण झाला. वडिलांच्या बोलण्यात ‘आज चाळीस वाघिणी होत्या’ असं यायचं, आणि लहानपणी मला ते खरंच वाटायचं. जर्मन खाणीतल्या कुत्र्याची वंशावळ काढत गेलं तर ती कर्जतच्या वाघिणीपाशी येऊन पोचते, हे वडिलांना कळलं असतं तर त्यांनाही गंमत वाटली असती.

१५६० च्या दशकात राणी एलिझाबेथच्या सरकारने तांब्यासाठी जर्मन खाणकामगारांना इंग्लंडात बोलावलं. आउग्सबुर्गचा डॅनियल हेखश्टेटर त्यांचा म्होरक्या. लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावाभोवती ते राहिले, त्यांनी इथल्या मुलींशी लग्नं केली, आणि खिळ्याची गाडीही सोबत आणली. हे वाचून आपली आठवण येते. हुन्नर घेऊन परक्या मुलखात आलेली माणसं, आरंभी संशयाने पाहिली गेलेली, मग तिथलीच झालेली.

बोमाँटसाहेबांचा घोडा

खाणीच्या आतली वाट बाहेर उघड्यावर आली ती नॉटिंगहॅमजवळ. हंटिंग्डन बोमाँट हा खाणींचे पट्टे घेऊन धंदा करणारा माणूस होता. स्ट्रेली इथल्या खाणीतला कोळसा वोलटनपर्यंत नेण्यासाठी १६०३ आणि १६०४ या दोन सालांत त्याने सुमारे दोन मैलांची लाकडी रुळांची वाट बांधली. जागा सर पर्सिव्हल विलोबी यांच्या मालकीची. इंग्लंडात जमिनीवरून गेलेली, लेखी पुरावा असलेली ही सर्वांत जुनी रूळवाट मानली जाते. तेव्हा इकडे शेक्सपियर नाटकं लिहीत होता आणि तिकडे आग्र्याला अकबर बादशहा हयात होता. रुळांवर वाफेचं इंजिन यायला अजून दोनशे वर्षं होती. रेल्वे म्हटलं की आपल्याला धूर आणि शिटी आठवते, पण रूळ इंजिनाच्या कितीतरी आधीचे आहेत.

वाट उत्तम झाली, पैसा काही झाला नाही. बोमाँट मग उत्तरेला नॉर्दम्बरलंडमध्ये आला आणि तिथेही त्याने रूळवाटा घातल्या. १६४९ साली विल्यम ग्रे याने न्यूकॅसलचं वर्णन लिहिलं आहे, त्यात हा किस्सा येतो. तो म्हणतो, बोमाँट तीस हजार पौंड घेऊन आला, जमिनीत भोकं पाडून कोळसा शोधण्याची, पाणी उपसण्याची आणि एका घोड्याने गाडी ओढण्याची नवी साधनं घेऊन आला, आणि थोड्याच वर्षांत सारा पैसा घालवून आपल्या हलक्या घोड्यावर बसून परत गेला. ज्याची थैली हलकी झाली त्याचा घोडाही हलकाच असणार! १६२४ साली बोमाँट कर्जापायी नॉटिंगहॅमच्या तुरुंगात मेला. त्याची कल्पना मात्र टाइन नदीच्या काठी टिकली आणि फोफावली.

फोफावण्याचं कारण साधं होतं. कोळसा वजनदार आणि स्वस्त. नदीपर्यंत तो नेण्यातच त्याची किंमत खर्ची पडे, कारण पावसाळी चिखलात गाड्या रुतत. लाकडी रुळांवर मात्र एकटा घोडा ५३ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे २.७ टन कोळसा भरलेली वाघीण नेई. साध्या रस्त्यावरच्या गाडीने तेवढं वजन उचललंच नसतं.

नातवाच्या खेळात नसलेली एक भानगड इथे होती. खेळात डोंगर सगळा आपलाच. इथे खाण एकाची, नदीकाठ दुसऱ्याचा आणि मधली शेतं तिसऱ्याची. वाट त्यांच्या शेतातून जाते म्हणून जमीनदार ‘वेलीव्ह’ नावाचं भाडं घेत, आणि ते भरमसाट असे. कधी कधी खाणीपेक्षा खाणीच्या वाटेत जास्त कमाई होती. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

उतार आणि ब्रेक

जानेवारीच्या एका कोरड्या दिवशी आम्ही कॉझी आर्च पाहायला गेलो. न्यूकॅसलपासून सात-आठ मैलांवर, डरहॅमच्या हद्दीत, झाडीत लपलेला हा दगडी पूल १७२५-२६ साली बांधला गेला. एकच कमान, सुमारे शंभर फूट रुंद आणि ऐंशी फूट उंच. बांधणारा गवंडी राल्फ वुड. एवढी मोठी कमान तेव्हा देशात दुसरी नव्हती. त्याने आधी लाकडाचा पूल बांधला होता आणि तो कोसळला होता, म्हणून हाही पडेल या धास्तीने त्याने पुलावरूनच उडी घेतली, अशी आख्यायिका इथे सांगतात. कमान तीनशे वर्षं उभी आहे. आगगाडीसाठी, म्हणजे रूळवाटेसाठी, बांधलेला हा जगातला सर्वांत जुना टिकलेला एककमानी पूल. त्यावरून कधी इंजिन गेलं नाही. गेले फक्त घोडे आणि वाघिणी.

पुलाजवळ त्या काळच्या वाघिणीची प्रतिकृती आहे. ती पाहताना नातू गप्प झाला, कारण त्याचाच प्रश्न तिथे लाकडात सोडवलेला होता. खाणी उंचावर, नदी खाली. भरलेली वाघीण उताराने आपल्याच वजनाने धावत सुटे. मग घोडा पुढून सोडून मागे बांधत आणि तो बिचारा वाघिणीमागून चालत जाई. चालवणारा माणूस ‘कॉन्व्हॉय’ नावाच्या लांब वाकड्या लाकडी दांड्यावर बसे. दांड्याचं लाकूड मागच्या चाकावर घासे आणि वेग आवरला जाई. पुढे पुढची चाकं लोखंडाची झाली, तरी मागची लाकडाचीच ठेवत, कारण लाकडावर लाकूड चांगलं धरतं. थोडक्यात, ब्रेक म्हणजे त्या माणसाचं स्वतःचं वजन. पावसाने किंवा हिमाने रूळ निसरडे झाले की ते वजन अपुरं पडे, आणि वाघीण माणसाला, पुढच्या वाघिणीला आणि तिच्या घोड्याला घेऊन जाई. उतारावर राख टाकण्यासारखे उपाय करत. तरी माणसं मरत.

याच उताराचा चतुर उपयोगही पुढे निघाला. वरच्या टोकाला मोठं चक्र बसवायचं, त्यावरून दोर घ्यायचा, एका टोकाला भरलेल्या वाघिणी आणि दुसऱ्या टोकाला रिकाम्या. भरलेल्या खाली जाताना रिकाम्यांना वर ओढून घेत. विहिरीवर दोन पोहरे एकाच चक्राला असतात, तसं. आणि १८२८ साली जॉर्ज स्टीफन्सनने घोड्यांसाठी एक छोटा डबाच जोडला. चढावर घोड्याने ओढायचं आणि उतारावर त्याच डब्यात उभं राहून गवत खात जायचं! घोडे इतके सरावले की उतार आला की आपणहून उडी मारून डब्यात चढत. नातवाला हे फार आवडलं. त्याच्या बुटक्यांनाही गाडीत बसता येतं, पण गवत मिळत नाही.

लाकडाचं लोखंड

लाकडी रूळ लवकर झिजत. १७६७ साली कोलब्रुकडेल इथे लाकडावर बिडाच्या पट्ट्या ठोकायला सुरुवात झाली. पुढे शेफील्डच्या जॉन कर याने खाणीच्या आत कोन असलेल्या लोखंडी पट्ट्या घातल्या. १८०४ साली, २१ फेब्रुवारीला, रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने वेल्समध्ये पेनिडॅरन इथे दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं सुमारे पावणेदहा मैल नेली. इंजिन चाललं, पण त्याच्या वजनाने रुळांच्या पट्ट्याच मोडल्या. म्हणजे खरा खोळंबा वाटेचा होता.

हा खोळंबा दूर करणाऱ्यांत पुढे आला जॉर्ज स्टीफन्सन. १७८१ साली वायलम गावात तो जन्मला त्या घरासमोरूनच कोळशाची रूळवाट जात होती. लहानपणी त्याला दिवसाला दोन पेन्स मिळत, गाई वाघिणींच्या वाटेवर येऊ नयेत म्हणून राखण करायचे. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. किलिंगवर्थच्या खाणीतल्या वाघिणींच्या चाकांत जितकं अंतर होतं, म्हणजे चार फूट आठ इंच, तेच त्याने आपल्या इंजिनांना घेतलं. १८२५ साली २७ सप्टेंबरला स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली ती याच मापाने. २०२५ मध्ये तिची दोनशे वर्षं इथे धूमधडाक्यात साजरी झाली. मागाहून त्यात अर्धा इंच वाढला आणि ते माप जगभर प्रमाण ठरलं. हे माप थेट रोमन रथांवरून आलं, अशी एक गोष्ट आपण साऱ्यांनी ऐकली आहे. ती गोष्ट गोडच आहे, पण दुवा आहे तो खाणीतल्या वाघिणीचा.

लॉर्ड डलहौसीने हिंदुस्थानासाठी साडेपाच फुटांचं रुंद माप पत्करलं, म्हणून आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी त्यावर धावली. पण आज मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मेट्रो धावतात त्या चार फूट साडेआठ इंचांवर. पुण्याला पुढच्या खेपेला गेलात आणि मेट्रोत बसलात, तर किलिंगवर्थच्या वाघिणीची चाकोरी तुमच्या पायाखाली आहे हे लक्षात असू द्या.

ढकलत कोण होतं?

इथपर्यंतची गोष्ट नातवाला मी मोठ्या उत्साहाने सांगितली. मग त्याने एक प्रश्न विचारला. “आजोबा, बाहेर घोडे होते. पण खाणीच्या आत, जिथे घोडा मावत नाही, तिथे गाडी कोण ढकलायचं?”

उत्तर मला ठाऊक होतं, पण तेरा वर्षांच्या मुलाला ते सांगायला जीभ रेटेना. ढकलायची त्याच्याच वयाची मुलं. त्याच्याहून लहानसुद्धा. यॉर्कशायरमध्ये त्यांना ‘हरियर’ म्हणत, इकडे ईशान्येला ‘पटर’. कोळशाचा थर जेमतेम दोन-अडीच फूट जाड असेल तर बोगदाही तेवढाच उंच ठेवत, कारण जास्त खणण्यात पैसा. त्यातून मुलं आणि मुली कमरेला पट्टा आणि पायांमधून साखळी घेऊन, गुडघ्यांवर रांगत गाडी ओढत. मागून ढकलणारं डोकं लावून ढकले. सर्वांत लहान मुलं ‘ट्रॅपर’. हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यांत लाकडी दारं असत. गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, गेली की लावायचं, आणि बाकी बारा-बारा तास अंधारात एकट्याने बसायचं. पाच-सहा वर्षांची मुलं हे काम करत.

१८३८ साली, ४ जुलैला, यॉर्कशायरमध्ये बार्न्सलीजवळच्या सिल्कस्टोन इथे हस्कर खाणीवर मोठं वादळ झालं. पावसाने वरच्या इंजिनाची भट्टी विझली, त्यामुळे खालच्या माणसांना वर काढणं थांबलं. काही मुलं उताराच्या बोगद्याने स्वतःच बाहेर पडायला निघाली. जवळच्या ओढ्याला पूर आला आणि पाणी त्याच बोगद्यात शिरलं. हवेच्या दारापाशी मुलं अडकली. सव्वीस मुलं बुडाली : अकरा मुली आणि पंधरा मुलगे. त्यांची नावं आणि वयं सिल्कस्टोनच्या चर्चच्या आवारात दगडावर कोरलेली आहेत.

या घटनेने देश हादरला आणि लॉर्ड अ‍ॅशली यांच्या खटपटीने सरकारी चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८४२ साली प्रसिद्ध झाला. त्यात चित्रं होती, आणि वाचून ज्यांचं मन हललं नव्हतं ते चित्रं पाहून हललं. हॅलिफॅक्सजवळच्या पेशन्स कर्शॉ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीची जबानी त्यात आहे. गाड्या डोक्याने ढकलून ढकलून तिच्या डोक्यावरचे केस कायमचे गेले होते. ते टक्कल तिने साहेबांना दाखवलं.

त्याच वर्षी कायदा झाला. बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली कामाला लावायला बंदी झाली. देशभरच्या खाणींसाठी निरीक्षक नेमला एक! ज्या बायकांची मजुरी बुडाली त्यांना काही भरपाई मिळाली नाही, आणि दहा वर्षांचा मुलगा कायद्याने चालतच होता. बोगदे थोडे उंच करून तट्टं आत नेण्याची चाल मग वाढली. एक गोष्ट मला या सगळ्यात फार टोचते. खिळ्याची गाडी १५५६ साली छापील पुस्तकात होती. दोर, चक्र, लोखंडी रूळ, इंजिन, सारं १८४२ पर्यंत आलेलं होतं. पण मूल स्वस्त होतं, म्हणून जिथे मूल चालत होतं तिथे यंत्र गेलं नाही. यंत्र सुचण्यात अडलं नव्हतं, हिशेबात अडलं होतं.

हे मी नातवाला सांगितलं. थोडं गाळून, पण सांगितलं.

वडिलांचं चाक

घरी परतल्यावर वडिलांची फार आठवण झाली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा तिचा सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक होता, आणि एवढा चढ एका दमात जमेना म्हणून मध्यावर गाडीची दिशा उलटवण्याचं स्टेशन ठेवलं होतं. ते १९२९ साली बंद झालं, चढ तसाच राहिला. आजही कित्येक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. त्या थांब्यात आपण बटाटेवडे खातो. उताराला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत, आणि ताबा सुटलाच तर ती वळवून घ्यायला चढाच्या अंगाने काढलेले बाजूचे फाटे, कॅच सायडिंग, ठेवलेले आहेत. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात हाताने आवळायच्या ब्रेकचं चाक असे. घाट उतरताना वडील त्या चाकाशी उभे राहत. त्यांच्या तळहातांना घट्टे होते. कॉझीच्या पुलावर दांड्यावर बसलेला तो वाघीणवाला आणि शेवटच्या डब्यात चाक धरून उभे असलेले माझे वडील, यांच्यामध्ये मला काही अंतर दिसेना.

नॉटिंगहॅमजवळ वोलटनला १६०४ साली जी वाट कोळशासाठी झाली, तिच्यापासून काही मैलांवरचं रॅटक्लिफ वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं ते शेवटचं वीजकेंद्र. ज्या मालासाठी रूळ जन्मले तो माल आता इथे विजेसाठी जळत नाही. रूळ राहिले.

जाण्याच्या आदल्या रात्री नातवाने मला खेळ पुन्हा दाखवला. उताराच्या पायथ्याशी, वळणाच्या अलीकडे, त्याने दोन रोधक घातले होते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला भिंत बांधली होती. दगड आता पूर्वीपेक्षा हळू वर येत होता. या खेळात बुटक्यांना आपल्या मनाची नावं देता येतात. गाडी ढकलणाऱ्या बुटक्याचं नाव त्याने ‘पेशन्स’ ठेवलं होतं.

“तिला दर फेरीनंतर विश्रांती दिली आहे,” तो म्हणाला. “कोळसा कमी येतो. चालेल.”

तर वाचकहो, चाकोरीबाहेर जरूर पडा. पण या बाजूला आलात तर कॉझी आर्चला एक फेरी करा. उन्हाळ्यात झाडी छान असते, डबा खायला जागा आहे, आणि शेजारी टॅनफील्ड रेल्वेच्या जुन्या वाफेच्या गाड्यांत मुलांना बसवता येतं. आधी कळवलंत तर मी सोबत येईन. आणि सिल्कस्टोनला मात्र मुलांना घेऊन जा, ती थोडी मोठी झाल्यावर.